तलवारीनं भागत नाही

दर्यापूर

चि. गुड्डी,

तुझ्या शेवटच्या वर्षाच्या फिल्मची चित्रं मोबाइलवर पाहिली. हात छान सुटलाय. चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएटला पोट्ट्या बसवण्यात माझा जन्म गेला, तेव्हा एवढं मला कळतं. पण तुझी नायिका पाहून जरा थांबले. मुठीत मावेल अशी कंबर, गालापर्यंत उतरलेले डोळे आणि पाठीवर तलवार. खाली तू लिहिलंयस, ‘स्ट्राँग मुलगी’. तलवार दिली की झालं काय बाप्पा?

तुझा जीव ‘मुलान’वर. चित्रपट १९९८ चा, पोरगी अख्खा चीन वाचवते. पण कारमेन फॉट आणि कॅरन आयझेनहॉवर या भाषा-अभ्यासकांनी डिस्नेच्या राजकन्यापटांतले संवाद मोजले, तेव्हा ‘मुलान’मधलं ७७ टक्के बोलणं पुरुषपात्रांचं निघालं. तिच्याहून तिचा तो टीचभर ड्रॅगनच जास्त बोलतो! आणि झाडझूड करणारी म्हणून जिला आपण नावं ठेवतो, त्या १९३७ च्या स्नो व्हाइटच्या चित्रपटात जवळपास निम्मं बोलणं बायकांचं. म्हणून काही ती थोर ठरत नाही. राजपुत्राची वाटच बघते बिचारी. तू मात्र तुझी पटकथा समोर घे आणि कोण किती बोलतं ते पेन्सिलीनं मोज.

काढणारा हात कुणाचा, तेही बघत जा. स्नो व्हाइटच्या काळात डिस्नेत मुलींच्या वाट्याला बहुतेक शाईनं रेषा गिरवणं आणि रंग भरणं एवढंच यायचं. १९३८ मध्ये नोकरी मागणाऱ्या एकीला कंपनीनं तसं पत्रच धाडलं होतं. आणि त्याआधीच, १९२६ मध्ये, जर्मनीत लोटे रायनिगर या बाईनं कागदाच्या आकृत्या कात्रीनं कापून पूर्ण लांबीचा चित्रपट उभा केला होता. डिस्नेच्या मुख्य अ‍ॅनिमेशन स्टुडिओच्या मोठ्या कार्टूनपटाला बाई दिग्दर्शक मिळाली ती २०१३ मध्ये, ‘फ्रोझन’ला. जेनिफर ली. तीही एका पुरुषाच्या जोडीनं.

आपल्याकडं अ‍ॅनिमेशनकार राम मोहन यांनी नव्वदच्या दशकात युनिसेफसाठी ‘मीना’ घडवली. शाळेत पाठवत नाहीत म्हणून ही पोरगी मिठू पोपटाला वर्गाकडं धाडते, त्याच्याकडून आकडे शिकते, घरच्या कोंबड्या मोजते आणि त्या मोजणीतून चोर सापडतो. राम मोहन यांच्याच स्टुडिओत सुरुवातीला काम केलेल्या गीतांजली राव यांनी २००६ मध्ये ‘प्रिंटेड रेनबो’ ही फिल्म केली. नायिका कोण? एक एकटी म्हातारी, तिची मांजर आणि काडेपेट्यांचा संग्रह. एकही संवाद नाही, आणि तरी ती म्हातारी मला अजून आठवते. (म्हणजे माझी मोजणीही सगळीकडे लागू पडत नाही, हे तू म्हणायच्या आधी मीच म्हणते.) पुढं २०१९ च्या ‘बॉम्बे रोज’मध्ये त्यांनी कमला रंगवली, मुंबईच्या रस्त्यावर फुलं विकणारी. एकेक चौकट हातानं रंगवून.

तुझी नायिका इकडचीच ना? मग वेचणीआधी सीतादहीची पूजा होते त्या सुमारास ये, कापसाची वेचणी बघ. लुगड्यावर नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, डोक्याला रुमाल, कमरेला कापूस भरायची ओटी. सकाळी ओटी रिकामी असते तेव्हा वेचणारी झपझप चालते. भरत आली की वजन पुढं ओढतं, मग कंबर मागं जाते, पाय फाकतात, पाऊल लहान पडतं. तुम्ही वर्गात चाल बसवता ना, ती इथं फुकट शिकायला मिळेल. मुठीएवढ्या कमरेला ही ओटी पेलणार नाही. बोंडाची वाळकी टोकं नखांच्या कडा सोलतात, म्हणून वेचणारी कापूस हिसकत नाही, चिमटीनं उचलते. तोंड चालूच असतं: सासू, सोसायटीचं कर्ज, मालकाचा नवा मोबाइल, सगळ्यांचा समाचार. आणि संध्याकाळी काट्याशी सगळ्या गप्प. मजुरी किलोवर, त्यामुळं नजर काट्यावरून हलत नाही. तो चेहरा तुला जमला तर बघ.

वही कागदाची आण, शेतात चार्जिंग नाही. आणि कुणालाही विचारल्याशिवाय तिचं चित्र काढू नकोस. विचारलंस की मात्र त्या तुझ्याच कमरेला ओटी बांधतील, तयारीनं ये.

तुझी,
मावशी