मेलेल्या माशांचा हिशेब



मार्च २०२३ मध्ये, ऐन उपवासकाळात, सांगलीजवळ कृष्णेच्या पात्रात मेलेल्या माशांचा खच पडला होता. आपल्यापैकी काहींनी तो डोळ्यांनी पाहिला, बाकीच्यांनी वर्तमानपत्रात वाचला. असे पहिल्यांदाच घडले होते असेही नाही. रविवारी मिस्सेनंतर अंगणात चर्चा झाली, हळहळ झाली. पुढच्या शुक्रवारी आम्ही स्वयंपाकघरात निरोप दिला की नदीचा मासा नको, बाजारातून रत्नागिरीचा बांगडा आणा.

तो निरोप आम्हाला अजून खुपतो.

आमच्याकडे शुक्रवारी मासा घेऊन येणारे एक भोईकाका आहेत. ट्रकच्या ट्यूबवर बसून संध्याकाळी जाळे लावायचे, पहाटे काढायचे, मिळेल ते पाटीत घेऊन दारोदार हिंडायचे, असा त्यांचा धंदा. त्या शुक्रवारी ते दारातून परत गेले. पास्काच्या सणानंतर भेटले तेव्हा म्हणाले, “फादर, मासा मेला खालच्या अंगाला. माझं जाळं वर होतं, बंधाऱ्याच्या पलीकडं. तुम्ही पाटीवरचं फडकंबी उचलून बघितलं नाही. नदी नासवली दुसऱ्यानं, आन् गिऱ्हाईक तुटलं माझं.”

यावर आमच्याकडे उत्तर नव्हते. चहा दिला.

नदी नासवली ती नेमकी कोणी? मासा पुष्कळदा विषाने नव्हे, तर गुदमरून मरतो. मळीमिश्रित पाणी किंवा गावाचे सांडपाणी नदीत आले की ते कुजवणारे जिवाणू पाण्यातला प्राणवायू संपवतात. मासे तोंड वर काढून तडफडतात आणि उलटे होतात. आता काळ पाहा. उसाचा गळीत हंगाम साधारण नोव्हेंबर ते मार्च. नदीची धार बारीक होत जाते तीही याच महिन्यांत. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांना फळ्या घातलेल्या असतात, त्यामुळे पाणी डोहासारखे उभे राहते आणि त्यात येईल ती घाण साठत जाते. वाहत्या नदीने जे पचवले असते, ते उभ्या पाण्याला पचत नाही.

मग वरून पाणी का येत नाही? वाईच्या वर धोम धरण आहे. कऱ्हाडला प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळणारी कोयनाही धरणाने अडवलेली आहे. कोयनेच्या सुमारे १०५ टीएमसी साठ्यातून वर्षाला ६७.५ टीएमसी पाणी विजेसाठी पश्चिमेला सोडण्याची मुभा कृष्णा पाणीतंटा लवादाने दिली. ते पाणी पोफळीला उतरून कोकणाकडे जाते, कऱ्हाडला येत नाही. त्या विजेवर आपले दिवे लागले, हेही खरेच. उरलेल्या पाण्यातले बरेचसे उसाला जाते. सांगलीचा शेरी नाला तर सर्वांच्या परिचयाचा आहे; त्यावर वेगळे लिहायची गरज नाही.

माशांची जातही पालटली. मरळ, वाम, शिवडा यांची नावे काका अशी घेतात, जशी आपण गेलेल्या नातेवाइकांची घेतो. जाळ्यात येते ती चिलापी, मूळची आफ्रिकेतली, १९५२ साली भारतात आणलेली. खराब पाण्यातही ती तग धरते. बाजारात तिला भाव नाही.

सेमिनरीत नीतिशास्त्र शिकताना आम्हाला ‘सहकार्या’चा एक धडा होता. दुसऱ्याच्या दुष्कृत्यात मनाने सामील होणारा आणि मनाविरुद्ध केवळ हाताने मदत करणारा यांत फरक करावा. हातभार जितका दूरचा, तितका दोष हलका. अठराव्या शतकात संत अल्फोन्सस लिगोरी यांनी हा विचार बारकाईने मांडला. धन्याला शिडी धरून देणारा नोकर हे त्यातले जुने उदाहरण. हा धडा दयाळू आहे. त्यामुळे गरीब नोकराला रात्री झोप लागते.

कृष्णेच्या काठी मात्र जवळजवळ सगळेच शिडी धरून उभे आहेत. रात्री चोरून मळी सोडणारा तेवढा शिडीवर चढलेला. त्याच्यासाठी १९७४ पासून जलप्रदूषणाचा कायदा आहे, आणि त्याला आम्ही कोणतीही सवलत देत नाही. पण बाकीचे? आपल्याच बाकांवर ऊस लावणारे शेतकरी आहेत, कारखान्यात पाळी करणारे आहेत, नगरपालिकेत नोकरी करणारे आहेत. त्यांच्या पगारावर आणि बिलावर मुलांच्या फिया भरल्या जातात, देवळात दानही त्यातूनच येते. यांतला एकही जण मासा मारायला निघालेला नाही. प्रत्येकाचा हातभार दूरचा, प्रत्येकाचा दोष हलका, आणि सगळ्यांची बेरीज केली तर नदी मेलेली. दोष हजार घरी वाटला की कोणालाच जड होत नाही. नुकसान मात्र वाटले जात नाही. ते एका भोयाच्या घरी अख्खेच्या अख्खे जाऊन बसते. म्हणून हिशेब करायचा तो दोष देणाऱ्याच्या बाजूने न करता, सोसणाऱ्याच्या घरापासून उलटा करावा, असे आम्हाला वाटू लागले आहे. मिस्सेच्या आरंभी आपण केलेल्या पापांबरोबर न केलेल्या कर्तव्यांचीही कबुली देतो. ती बहुधा फार भरभर म्हटली जाते.

कोणी म्हणेल, मासेमार तरी कुठे सोवळे आहेत? खरे आहे. जूनच्या पहिल्या पावसात मासे ओढ्यांतून वर अंडी घालायला जातात. तेव्हा चढणीचे मासे धरायची झुंबड उडते, आणि पोटात अंडी असलेली मादी गेली की पुढचे पीक गेले. बारीक डोळ्यांच्या जाळ्यात बोटाएवढी पिल्लेही जातात. हे चूक आहे आणि काकांना तसे सांगायलाच हवे, असे ठरवून गेल्या जूनमध्ये आम्ही त्यांना बसवून घेतले. त्यांनी सगळे शांतपणे ऐकले. मग विचारले, “फादर, तुमच्या बंगल्याचं सांडपाणी कुठं जातं?”

आम्हाला माहीत नव्हते. इतकी वर्षे इथे राहतो, पण कधी पाहिले नव्हते. दुसऱ्या दिवशी गवंड्याला बोलावून मागचे झाकण उघडले. पाइप भिंतीखालून थेट मागच्या नाल्यात गेला होता, आणि तो नाला नदीला मिळतो.

शोषखड्ड्याचा अंदाजखर्च धर्मग्राम परिषदेच्या पुढच्या बैठकीत ठेवत आहोत. ज्यांच्या घराला असेच झाकण आहे, त्यांनी त्याच गवंड्याला बोलावायला हरकत नाही; एकदम कामे मिळाली तर तो मजुरीत थोडे कमी करीन म्हणतो. काका शुक्रवारी सकाळी साडेसातच्या सुमारास येतात.