हा दोष कोणाचा?

(योहान ९:१-७; लूक १३:१-५)



कांहीं वर्षांपूर्वीं, पावसाळ्याच्या दिवसांत, एका खेड्यांतील आपल्या मंडळीच्या कुटुंबांत सात वर्षांचा मुलगा सर्पदंशानें मरण पावला. मी तेथें पोहोंचलों तेव्हां त्याची आई त्यास मांडीवर घेऊन बसली होती. मीं प्रार्थना केली आणि मग, कांहीं तरी बोललेंच पाहिजे असें वाटून, म्हणालों, “बाई, देव आपल्या लेंकरांस शिस्त लावितो, अंतःकरण तपासून पाहा.” तिनें वर पाहिलें आणि विचारिलें, “पाळकसाहेब, माझं कोणतं पाप ह्याला भोवलं, तेवढं सांगा.” मी निरुत्तर झालों. इतक्यांत शेजारची एक म्हातारी आली. ती आपल्या मंडळींतली नव्हती. तिनें घरून आणलेली भाकरी धाकट्या मुलांस खाऊं घातली आणि त्या आईच्या पाठीवर हात ठेवून ती रात्रभर बसून राहिली.

जन्मांध मनुष्यास पाहून शिष्यांनींही असेंच विचारिलें होतें: पाप ह्याचें कीं ह्याच्या आईबापांचें? आम्ही पूर्वजन्मींच्या कर्माची समजूत सोडिली असें म्हणतों. परंतु कोणाच्या घरीं संकट आलें कीं, ह्याचा विश्वास उणा पडला, तो दशांश देत नव्हता, ती उपासनेस येत नव्हती, असें ओट्यावर बसून बोलतों. नांव बदललें, हिशेब तोच राहिला.

प्रभूनें तो हिशेबच मोडून टाकिला. दारुड्याच्या पापानें त्याचीं मुलें उपाशी राहतात, हें खरें; पापापासून दुःख उपजतें. परंतु दुःख पाहून मागें मोजीत जावें आणि पापी शोधून काढावा, असा अधिकार कोणासही दिलेला नाहीं. शिलोहांतील बुरूज पडून १८ माणसें मेलीं, तीं इतरांपेक्षां अधिक अपराधी नव्हतीं, असें प्रभूनें स्पष्ट सांगितलें. सन १९९३ च्या सप्टेंबरच्या ३० तारखेस पहांटे किल्लारीच्या परिसरांत धरणीकंप झाला. चिखलांत रचलेल्या जाड दगडी भिंती व मातीचीं जड धाबीं निजलेल्यांवर कोसळून हजारों माणसें मेलीं. भिंतीनें साधु व चोर असा निवाडा केला नाहीं. मग आपण तो कां करावा?

मग देव हें घडूं कां देतो? ह्याचें पुरें उत्तर ईयोबासही मिळालें नाहीं. परंतु त्याच्या मित्रांविषयीं देवानें काय म्हटलें, तें वाचा. सात दिवस व सात रात्री ते त्याच्याजवळ मुकाट्यानें बसले, तोंवर ते खरे मित्र होते. देवाची बाजू राखण्यासाठीं त्यांनीं दुःखितावर दोष लाविला, तेव्हां देवाचाच कोप त्यांजवर झाला.

कारण सांगितलें नाहीं, परंतु देव स्वतः आला. लाजराची कबर आतां उघडणार हें ठाऊक असतांही प्रभु आधीं रडला. वधस्तंभावर त्यानेंही “कां?” असें विचारिलें. दुःख हें पापाचें माप असतें, तर त्या दिवशीं येशूहून मोठा पापी कोणीच नसता! तो तर निष्पाप होता. आणि तिसऱ्या दिवशीं पित्यानें त्यास उठविलें, म्हणून कबर हा शेवटचा शब्द नव्हे.

पंडिता रमाबाईंचें चरित्र पाहा. सन १८७४ मध्यें उपासमारीनें गांजलेले त्यांचे आईबाप त्यांच्यादेखत गेले. सन १८८२ मध्यें पटकीनें पति गेला आणि पदरीं तान्ही मुलगी राहिली. पुढें सन १८९६-९७ च्या दुष्काळांत त्याच बाई मध्य प्रांतांत गेल्या आणि शेंकडों भुकेल्या मुलींस घेऊन आल्या. केडगांवीं त्यांस घर मिळालें. ह्याकरितांच देवानें रमाबाईंच्या आईबापांस मारिलें, असें मी म्हणत नाहीं. असें म्हणणें ईयोबाच्या मित्रांचेंच बोलणें होईल. मी इतकेंच म्हणतों कीं, ती भूक देवानें वायां जाऊं दिली नाहीं.

ज्या शिलोहांत बुरूज पडला, तेथल्याच तळ्यावर तो आंधळा धुऊन डोळस झाला. शिष्यांनीं मागील कारण विचारिलें. प्रभूनें पुढील काम दाखविलें, आणि लागलाच चिखल करून तें आरंभिलें.

सुवार्तिक बंधूंनो, शोकाच्या घरीं जाल तेव्हां उत्तर घेऊन जाऊं नका. भाकर घेऊन जा. जवळ बसा. बोलावेंसें वाटलें तर आधीं त्यांजबरोबर रडा. त्या रात्रीं देवाचें काम मीं केलें नाहीं, त्या म्हातारीनें केलें. पुढें मीं त्या आईची क्षमा मागितली. ती म्हणाली, “पाळकसाहेब, येत जा. नुसतं बसत जा.”

प्रभु आपणां सर्वांस तसें बसावयास शिकवो. आमेन.