स्वातंत्र्यासाठी पाचारण
(सामान्यकाळातील तेरावा रविवार)



आजची उपासना आपल्याला खऱ्या स्वातंत्र्यावर मनन करण्यास बोलावीत आहे. पहिल्या वाचनात नांगरणी करणाऱ्या अलीशावर एलिया आपला झगा टाकतो. अलीशा बैल कापतो, नांगराच्या लाकडांवर मांस शिजवून लोकांना जेवू घालतो आणि एलियाच्या मागे निघतो. दुसऱ्या वाचनात संत पौल गलतीकरांना सांगतो की, ख्रिस्ताने आपल्याला स्वतंत्र केले आहे. मात्र हे स्वातंत्र्य देहवासनांना मोकळे रान देण्यासाठी नसून प्रीतीने एकमेकांची सेवा करण्यासाठी आहे. शुभवर्तमानात शोमरोनी गाव येशूला थारा देत नाही. याकोब व योहान त्या गावावर आकाशातून अग्नी पाडायला निघतात. प्रभू त्यांना धमकावतो आणि शांतपणे दुसऱ्या गावी जातो.

स्वातंत्र्य म्हणजे मनाला येईल तसे वागणे, असे पुष्कळांना वाटते. आपल्या काशीदच्या किनाऱ्यावर असे मोकळे होण्यासाठी मुंबई-पुण्याहून माणसे येतात. त्यांतले काही दारूच्या नशेत पावसाळ्यातल्या समुद्रात शिरतात. किनाऱ्यावरची माणसे ओरडून सांगतात, पण ऐकतो कोण? ‘मी माझ्या मर्जीचा मालक’ असे म्हणणाऱ्याच्या डोक्यात त्या वेळी हुकूम मात्र बाटलीचा चालतो. परंतु पाहुण्यांकडे बोट दाखवून आपली सुटका होत नाही. आपल्यावर कोणाचा हुकूम चालतो? बांधाच्या वितीसाठी भावाशी वर्षानुवर्षे न बोलणारा स्वतंत्र आहे काय? ‘लोक काय म्हणतील’ म्हणून लग्नासाठी कर्ज काढणारा स्वतंत्र आहे काय? याकोब आणि योहान प्रभूबरोबर चालत होते, तरी त्या घटकेला ते रागाचे दास होते.

आपल्या परिसराचा इतिहासही हेच शिकवतो. कुंडलिका खाडीच्या मुखाशी, रेवदंड्यासमोर कोर्लईचा किल्ला उभा आहे. पोर्तुगीजांनी तो १५९४ मध्ये जिंकला. त्यांच्या चौल वसाहतीत चर्च होती, मठ होते आणि गुलामही होते. एका बाजूला संत पौलाचे पत्र वाचले जाई आणि दुसऱ्या बाजूला माणसे विकत घेतली जात, हे आपण नम्रपणे मान्य केले पाहिजे. १७४० मध्ये पोर्तुगीज चौल व कोर्लई मराठ्यांच्या हाती देऊन निघून गेले. श्रद्धेला आता ना शिपायाचा धाक होता, ना राजाचा आधार. तरीही कोर्लईच्या साध्यासुध्या माणसांनी येशूला सोडले नाही. पोर्तुगीजमधून घडलेली आपली बोली, ‘नौ लिंग’ म्हणजे ‘आपली भाषा’, त्यांच्या घरांत आजही बोलली जाते. श्रद्धा कोणावरही लादता येत नाही, असे दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ मध्ये जाहीर केले. धाक गेल्यावरही जी श्रद्धा उरते, तीच मोकळ्या मनाची श्रद्धा होय.

हे रोजच्या जीवनात कसे उतरवायचे? १ जून ते ३१ जुलै आपल्याकडे मासेमारी बंद असते. एक जण दंडाच्या भीतीने होडी किनाऱ्यावर ओढतो. दुसरा म्हणतो, ‘मासळी अंडी घालते आहे, माझ्या नातवंडांचाही समुद्रावर हक्क आहे.’ दोघांच्याही होड्या शाकारलेल्या, दोघेही जाळी विणत बसलेले. पण पहिला दासासारखा नियम पाळतो, तर दुसरा पुत्रासारखा. देवाच्या आज्ञांचेही असेच आहे.

आणखी एक प्रश्न आपल्यापैकी अनेकांच्या मनात आहे. रविवार हाच गिऱ्हाइकांचा दिवस. मग मिस्साला यायचे कसे? पाहुण्यांसाठी पहाटेपासून चुलीशी उभ्या असलेल्या आईला आपण आळशी म्हणणार नाही. मुलांच्या घासासाठी केलेले कष्ट ही सेवाच आहे. परंतु जो धंदा आठवड्यातून एक तासही आपल्याला सोडत नाही, त्याचे आपण मालक आहोत की तो आपला मालक आहे? घरातली माणसे पाळीपाळीने येऊ शकतात. जिथे शनिवारी संध्याकाळी मिस्सा असते, तिथे तीही रविवारची मिस्सा म्हणून ग्राह्य आहे. नांगराला हात घालून मागे पाहू नका, असे प्रभू सांगतो, तेव्हा तो आपल्या पोटावर पाय देत नाही. आपले मन दोन धन्यांमध्ये फाटू नये म्हणून तो सांगतो.

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ वादळाने आपल्या किनाऱ्यावरील नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या. त्यानंतर जे कोणी शेजाऱ्याच्या छपरावर चढले, त्यांना कोणी हुकूम केला नव्हता. न सांगता केलेली अशी सेवा हेच ख्रिस्ताने दिलेले स्वातंत्र्य.

या आठवड्यात आपण प्रत्येक जण दोन गोष्टी करू या. आपल्यावर हुकूम चालवणारा एक धनी, मग तो राग असो, बाटली असो वा पैसा असो, ओळखून प्रायश्चित्त संस्कारात प्रभूपुढे ठेवू या. आणि कोणी न सांगता एका माणसाची सेवा करू या. ज्याच्याशी आपले बोलणे बंद आहे, त्याच्यापासूनच सुरुवात झाली तर अधिक चांगले. १६ जुलैला येणाऱ्या माउंट कार्मेल मातेच्या सणाची याहून सुंदर तयारी नाही.

हे प्रभू येशू, आमच्या गाठी सोडव आणि आमचे हात एकमेकांच्या सेवेसाठी मोकळे कर. आमेन.