काहीच न झाल्याचे श्रेय

मीठ बरोबर पडले तर पंगतीत कोणी त्याचे नाव काढीत नाही. चुकले की सगळी पंगत बोलते. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याची रास मिठाचीच!

पूर्वी संगणकात जागा महाग. म्हणून सालाचे शेवटचे दोनच आकडे लिहायचे; १९७० म्हणजे नुसते ७०. काटकसर आजीला शोभेल अशी! पण २००० साल आले की यंत्र बिचारे शून्यातून सत्तर वजा करणार, आणि तिशीतला कारकून उणे सत्तर वर्षांचा ठरणार. म्हणजे बारशालाच सत्तर वर्षे अवकाश, पगार कुठला?

म्हणून जगभर, आणि आपल्याकडेही, हजारो मंडळींनी कोबोलच्या जुन्या ओळी डोळ्यांत तेल घालून तपासल्या. १ जानेवारी २००० हा शनिवार उजाडला. किरकोळ कुरबुरी सोडल्या तर काही झाले नाही. लोक म्हणाले, "उगाच बाऊ केला होता!"

आता टळलेल्या संकटाचा पंचनामा कसा करणार? त्याला ना जागा, ना साक्षीदार. कोणी पाहत नसताना काम चोख करणे एक वेळ जमते हो, पण "तुम्ही केलेत तरी काय?" हे ऐकूनही सोमवारी तितक्याच चोखपणे कामाला बसणे, याला मात्र नुसती हुशारी पुरत नाही.