चोर, साव आणि डबा

सीताबर्डीत आमची तिसरी पिढी नांदते आहे. आजवर मला कोणी चोर म्हटलेलं नाही. भाजीवाल्यापासून बँकेतल्या शिपायापर्यंत सगळे मला 'सज्जन माणूस' म्हणतात. (सज्जन म्हणजे बावळट, हा खुलासा सौ.चा.) अशा माणसावर त्याच्याच घरातला एक डबा संशय घेतो, हे मला मरेस्तोवर पटायचं नाही.

डबा म्हणजे टीव्हीखालचा सेट-टॉप बॉक्स. केबल डिजिटल करायच्या दुसऱ्या टप्प्यात नागपूरचा नंबर लागला. मुदत होती ३१ मार्च २०१३. तेव्हापासून चित्र घरात कुलूपबंद येतं आणि डबा ते उघडतो. पण टीव्हीकडे सोडण्याआधी तो टीव्हीचीही ओळख तपासतो. या तपासणीला एचडीसीपी म्हणतात. मधे कुणी नक्कल करणारं यंत्र बसलेलं नाही, अशी खात्री पटली तर चित्र, नाही तर काळा पडदा. पोरीचं लग्न ठरवताना मीसुद्धा इतकी चौकशी केली नव्हती.

तरी माझी तक्रार नव्हती. पण सौ.ची मावशी एकदा टीव्हीवर भजन गायली. चार मिनिटं. ते आम्ही डब्याला जोडलेल्या डिस्कवर उतरवून ठेवलं. पुढल्या वर्षी मावशी गेली, आणि तिच्यापाठोपाठ डबाही गेला. नव्या डब्याला ती डिस्क जोडली, तर तो म्हणतो, आधी पुसून कोरी करा!

मी डिस्क घेऊन मोदी नंबर तीनच्या गल्लीत गेलो. दुरुस्तीवाला पोरगा म्हणाला, "काका, डिस्क चांगली हाय. पण किल्ली जुन्या डब्यात होती न! आता काही होऊन नाही राह्यलं."

मावशीचा आवाज माझ्या हातात होता आणि मला ऐकता येत नव्हता. त्या दिवशी मी कायदा वाचला. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात खाजगी वापरापुरती मोकळीक आहे. २०१२ साली त्यात कुलूप तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आली. पण तीही हक्क बुडवायच्या इराद्यानं तोडलं तर. म्हणजे कायदा माणसाचा हेतू विचारतो. डबा विचारत नाही. त्याला मावशीचा भाचजावई आणि सीडी विकणारा बदमाश सारखेच.

बरं, बदमाश तरी अडला का? २०१० साली एचडीसीपीची मुख्य किल्लीच फुटून जगभर झाली आणि ती खरी असल्याचं कुलूप घडवणाऱ्या इंटेलनं मान्यही केलं. चोराकडे किल्ली, सावाकडे कुलूप!

पण साव तरी किती साव? ऐंशीच्या दशकात आम्ही रात्रीपुरता व्हीसीआर भाड्यानं आणायचो. खाजगी म्हणजे आमच्या घरापुरतं, आणि घर म्हणजे अख्खा वाडा. एकदा दोन यंत्रं जोडून सिनेमाची नक्कलही काढली होती. त्या सिनेमात कुणी गायलं असेल, कुणी वाजवलं असेल, त्यांचं काय बुडालं, हा विचार माझ्या सज्जन डोक्यात आला नाही. टीव्हीवरचं घरी उतरवून मागाहून पाहणं रास्त आहे, असा निकाल १९८४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं दिला, तोही पाच विरुद्ध चार मतांनी. नऊ न्यायमूर्तींचं जिथं एकमत होईना, तिथं माझ्या डब्यानं काय करावं?

परवा शेजारचा पोरगा आला. मावशी गात होती तेव्हा त्यानं टीव्हीसमोर मोबाइल धरून सगळं टिपलं होतं. चित्र वाकडं, मधे आमच्या कुकरच्या दोन शिट्ट्या आणि माझी एक शिंक. पण आवाज मावशीचाच. सौ. पदर डोळ्यांना लावून तीनदा ऐकत बसली. एचडीसीपीचा पहारा वायरीवर; पडद्यासमोर बसलेल्या पोराला कोण अडवणार?

"सगळ्यांना पाठवा ना," सौ. म्हणाली.

"सगळ्यांना म्हणजे?"

"घरच्यांना हो!"

घरची यादी काढली. सदतीस नावं झाली. त्यातले निम्मे लोक पुढे आपापल्या घरच्यांना पाठवणार, हे मला दिसत होतं. डब्याचा लाल दिवा माझ्याकडे रोखून बघत होता. मी त्याच्यावर रुमाल टाकला आणि बटण दाबलं.