आधी आकडे, मग सुरी

वाई, रविवार

चि. भाचेबुवांस मामाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. गच्चीवर भट्टी लावायची, जुन्या बाजारातून आणलेल्या ट्रकच्या पाट्याची सुरी घडवायची, आणि हे सगळं दिवाळीच्या आत. बेत वाचून आनंद झाला आणि लागोपाठ तीनदा ‘नको’ म्हणावंसं वाटलं. तुझी आई म्हणते त्याप्रमाणे मी मोडता घालण्यात पटाईत आहे. तरी वाच.

गच्ची नको. काँक्रीटच्या पोटात ओल असते. लालभडक तुकडा त्यावर पडला की तिची वाफ होते आणि वरची खपली फाटकन उडते, डोळ्यातही जाते. खालच्या आजोबांच्या दुपारच्या झोपेचं तर विचारूच नकोस. बंद गॅरेजही नको. कोळशाच्या धुरातला विषारी वायू ना दिसतो ना त्याला वास येतो. तू सरळ इथं ये. परसात पत्र्याची शेड आहे, तिन्ही बाजूंनी उघडी, खाली माती.

शेड पावसासाठी नाही, सावलीसाठी आहे. लोखंड किती तापलं हे त्याच्या रंगावरून ओळखायचं, आणि उन्हात रंग फसवतो. नारिंगी तुकडासुद्धा उन्हात विटक्या विटेसारखा दिसतो, मग माणूस आणखी तापवत बसतो आणि टोक ठिणग्या सोडत जळून जातं. याच्या उलट फसगत काळ्या लोखंडाची. चारशे अंशांवरचं लोखंड काळंच दिसतं. पहिल्याच वर्षी मी असा एक तुकडा गार समजून उचलला. पंधरा दिवस डाव्या हाताने जेवलो. तेव्हापासून ऐरणीजवळ पडलेल्या कुठल्याही तुकड्याकडे आधी हाताची मागची बाजू नेतो. धग लागली तर हात आपोआप मागे येतो.

आता ऐरण. रेल्वेच्या रुळाचा तुकडा उत्तम ऐरण होतो हे तू बरोबर ऐकलंस, पण तो कुठून आला याची पावती हवी. रेल्वेची मालमत्ता बेकायदा बाळगण्याविरुद्ध 1966 चा कायदा आहे, आणि ‘भंगारवाल्याने दिला’ एवढ्यावर तुझी सुटका होणार नाही. त्यापेक्षा एखाद्या वर्कशॉपमधून जाड पोलादी ठोकळा वजनावर घे आणि बाभळीच्या ओंडक्यात पक्का बसव. सरळ उभा राहा, हात खाली सोड, मूठ आवळ. बोटांची पेरं जिथं येतील तिथं ऐरणीचा माथा हवा. ऐरण ठेंगणी असली की कंबर बोलते, उंच असली की खांदा. हातोडा दोन पौंडी पुरे.

भट्टीसाठी ट्रकचा जुना ब्रेक ड्रम, खालून पाइप आणि हाताने फिरवायचा पंखा, एवढं बास. कोळसा लाकडी घे. दगडी कोळसा जास्त वेळ टिकतो, पण सुरुवातीला धूर फार करतो. वारा जरुरीपुरताच दे. फार फुंकलंस तर लोखंडावर खपल्या धरतात. कपडे सुती घाल, टेरिलीन अंगाला चिकटतं. डोळ्यांवर चष्मा, शेजारी पाण्याची बादली. आणि जस्ताचा मुलामा असलेलं काही, म्हणजे जीआय पाइप, नळाचे तुकडे, आगीत मुळीच घालू नकोस. त्या पांढऱ्या धुराने थंडी वाजून ताप भरतो.

माझे गुरू रस्त्याच्या कडेला पाल टाकणारे एक घिसाडी जोडपे होते. तो सांडशीत लोखंड धरायचा आणि छोट्या हातोडीने ऐरणीवर टक्क करून जागा दाखवायचा. ती त्याच जागी घण घालायची. मी तास तास बघत बसायचो. माझ्या लक्षात आलं ते तिच्या ताकदीपेक्षा तिचं थांबणं. लोखंडाचा लाल रंग विझू लागला की घण खाली. एकही घाव वाया नाही. मी मात्र काळ्या पडलेल्या सळईवर इरेला पेटून आणखी दहा घाव घालायचो. त्याने लोखंड वाकत नाही, मनगट मात्र दुखतं, आणि पाट्यासारखं पोलाद असेल तर चीरही जाते. तुझे दिवस यात जाणार आहेत बघ: नारिंगी असताना मार, मंद लाल झालं की परत आगीत.

म्हणून पहिला तुकडा सुरीचा नाही, आकड्याचा. दहा मिलिमीटरची साधी चौरस सळई घे, दोन फूट लांब, म्हणजे सांडशी लागणारच नाही, गार टोक हातात राहील. टोक ऐरणीच्या पलीकडच्या कडेवर ठेव आणि तिरका घाव घालत निमुळतं कर, दर दोन घावांनी पाव फेरा फिरवत. आधी चौकोनीच निमुळतं कर, मग कोपरे मारून अष्टकोनी, आणि शेवटी गोल. एकदम गोल करायला गेलास तर टोकाला मधोमध फट पडते, माशाने तोंड उघडल्यासारखी. मग टोकाची इवलीशी वेटोळी, मग पाइपच्या तुकड्यावर वाक. शेवटी तारेच्या ब्रशने घास आणि अजून कोमट-गरम असतानाच जवसाचं तेल चोळ. काळा तुकतुकीत रंग चढतो, गंज लागत नाही म्हणण्याइतका कमी लागतो.

पहिले पाच-सहा सारखे होणार नाहीत. एकाचं टोक जाड, दुसऱ्याचं जळालेलं. टाकू नकोस, क्रमाने खिळ्यावर लटकव.

पाट्याचं नंतर बघू. त्याला पाणी देणं वेगळीच विद्या आहे: चुंबक चिकटेनासं होईपर्यंत, म्हणजे 770 अंशांच्या थोडं पुढे, तापवायचं, तेलात बुडवायचं, आणि मग पुन्हा हलकं तापवून काचेसारखा ठिसूळपणा घालवायचा. घासून चकचकीत केलेल्या पात्यावर आधी गवती पिवळा रंग धावतो, मग तपकिरी, जांभळा, निळा. सुरीला पिवळ्यावर थांबावं लागतं. तो रंग क्षणात पुढे पळतो. आकडे करताना थांबायची सवय लागली नाही, तर माझ्यासारखी निळी पडलेली, भाकरीलाही धार न धरणारी सुरी होईल. ती अजून माझ्याकडे आहे, मामी तिने पाकिटं फोडते.

खंडेनवमीला ऐरणीची पूजा असते, त्याच्या आधीच्या शनिवारी ये. कोळसा मी भरून ठेवतो. मामीला ओट्यावरच्या दांडीला कढया टांगायला सहा आकडे हवेत, मापाचं चित्र सोबत पाठवतोय. ती दांडी एक इंचाची आहे, हे तिने तीनदा सांगितलंय.

तुझा,
मामा