मुक्या सशाची सेवा

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



काशीहून गंगेची कावड घेऊन नाथमहाराज रामेश्वराला निघाले होते. वाटेत तापलेल्या वाळूत एक गाढव तहानेनं तडफडत होतं आणि नाथांनी कावडीतलं गंगाजल त्याच्या तोंडात घातलं. ही गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी आजीकडून ऐकली आहे. आपण ती भूतदयेची म्हणून सांगतो, पण तिच्यात आणखी एक बारीक शिकवण आहे. ते गाढव नाथांकडे काही मागायला आलं नव्हतं. नाथांनी त्याच्याकडे नीट पाहिलं आणि त्याला काय हवंय ते ओळखलं. त्यांनी त्याला प्रसाद दिला नाही, अंगारा लावला नाही, पाणी दिलं. न मागता ओळखणं आणि हवं तेच देणं, ही सेवेची दोन पावलं आहेत.

ही दोन्ही पावलं ज्याच्याजवळ आपली कसोटी पाहतात असा एक जीव म्हणजे ससा. आमच्यापैकी काही जणी गेली काही वर्षं सोडून दिलेल्या सशांना सांभाळणाऱ्या मंडळींना मदत करतात. तिथे जे शिकायला मिळालं ते आज सर्वांपुढे ठेवतो आहोत.

गाय हंबरते, कुत्रं केकाटतं, मांजर पायात घोटाळतं. ससा काहीच करत नाही. निसर्गाने त्याला शिकार होणारा प्राणी केलं आहे, म्हणून दुखणं लपवणं हीच त्याची जगण्याची रीत. दुखायला लागलं की तो कोपऱ्यात अंग आक्रसून गप्प बसतो. मागच्या उन्हाळ्यात एका घरी आम्ही गेलो तेव्हा त्या काकू कौतुकाने म्हणाल्या, "कालपासून किती गुणी झालाय बघा, जागचा हलत नाही." त्याने आदल्या दिवसापासून घास खाल्ला नव्हता. सशाचं आतडं सतत चालू राहावं लागतं. त्याला उलटीही करता येत नाही. अर्धा दिवस त्याने खाल्लं नाही तरी ती धावपळ करण्याची वेळ असते. डॉक्टरांनी प्रयत्न केले, पण रात्री तो गेला. त्या घरात प्रेम कमी नव्हतं. गप्प बसण्याचा अर्थ कुणी त्यांना सांगितला नव्हता, एवढंच.

माउलींनो, इथे क्षणभर थांबून विचार करू या. आपल्या घरातही असा एखादा गप्प कोपरा असतो ना? कधी सासूबाई असतात, कधी परीक्षेला बसलेला मुलगा, कधी नोकरी गेलेला दीर. "काही त्रास नाही हो त्यांचा" असं आपण म्हणतो. गुरूंकडे आपण का जातो? न सांगताच त्यांना कळतं, ही आपली श्रद्धा आहे. मग त्यांच्या लेकरांना थोडं तरी न सांगता कळायला नको का? सशाजवळ बसलं की ही सवय अंगी लागते. आज किती खाल्लं, लेंड्या किती पडल्या, कान गरम आहेत का, हे रोज बघावं लागतं. पाहता पाहता नजर सूक्ष्म होते आणि मग ती घरातल्या माणसांकडेही तशीच वळते.

आता थोडं स्पष्ट बोलू. घरात ससा ठेवला की घरावरचं संकट तो स्वतःवर घेतो, असं कुणीतरी सांगतं आणि लोक ससे विकत आणतात. आपलं प्रारब्ध एका मुक्या जिवावर ढकलायचं, हे कोणत्या गुरूला मानवेल? ज्याचं त्याला भोगून किंवा नामाने झिजवूनच संपवायचं आहे. दुसरे काही वाढदिवसाला मुलांसाठी जोडी आणतात. ससा चार-सहा महिन्यांत वयात येतो, मादीचे दिवस साधारण 30-31 दिवसांत भरतात आणि विल्यावर ती लगेच पुन्हा गाभण राहू शकते. दोघी बहिणी म्हणून आणलेल्या जोडीतला एक नर निघतो आणि वर्षाच्या आत घर भरतं. शिवाय चांगलं सांभाळलं तर ससा आठ-दहा वर्षं जगतो. मुलगा तोवर कॉलेजात गेलेला असतो.

मग सुट्टी लागते, गावाला जायचं असतं, आणि कुणी म्हणतं, "कमाटीबागेत सोडू, गवत आहे, मोकळा राहील." कुणी विश्वामित्रीच्या काठाचं नाव काढतं. तिथल्या मगरींचं काय, ते बडोदेकरांना सांगायला नको! भगिनींनो, ही मुक्ती नव्हे. आपण दोन वेगळ्या प्राण्यांना एकाच नावाने ससा म्हणतो, म्हणून घोटाळा होतो. आपल्या माळरानावरचा रानससा वेगळा. तो गवतात दबून राहतो, मातकट रंगाने लपतो, आणि त्याला 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. तो पकडून पाळायचा नाही. घरातला पांढरा ससा मूळ युरोपातल्या जातीचा, पिढ्यान् पिढ्या माणसाच्या हाताखाली वाढलेला. बागेत कुत्री, मांजरं, घारी असतात. पांढरा रंग लांबून दिसतो. बहुतेकांचा दोन-चार दिवसांतच निकाल लागतो. पाळलेल्या जनावराला उपासमार होईल अशा स्थितीत सोडून देणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हाही आहे. कायदा बाजूला ठेवला तरी ज्याच्या तोंडात आपण पहिला घास घातला त्याला वाऱ्यावर सोडण्याला दया म्हणता येत नाही.

संक्रांतीला मांज्याने जखमी झालेल्या पक्ष्यांसाठी गुजरातेत करुणा अभियान चालतं. जखमी पक्षी दिसला की आता आपली मुलंसुद्धा फोन लावायला धावतात. सशांसाठी तशी सवय अजून नाही. परदेशात राहणारी आपली लेकरं सांगतात की ईस्टरला हौसेने आणलेले ससे नंतर तिकडेही सोडले जातात. कॅलिफोर्नियात 1988 साली काही स्वयंसेवकांनी 'हाऊस रॅबिट सोसायटी' सुरू केली. सोडलेल्या सशाला एखाद्या घरात तात्पुरतं ठेवायचं, नसबंदी करायची, मग कायमचं घर शोधायचं, ही त्यांची रीत. आपल्याकडे पांजरपोळाची परंपरा जुनी आहे, पण ससा गुराढोरांच्या गोठ्यात टिकत नाही. त्याला घराचा शांत कोपराच हवा. म्हणून ही सेवा घर सांभाळणाऱ्या आपल्यासारख्या बायकांच्या हाताची आहे.

मात्र दया डोळस हवी. म्हणून एवढं लक्षात ठेवा :

• मुख्य आहार सुकं गवत. सशाचे दात जन्मभर वाढतात, गवत चावूनच ते झिजतात. गाईला घालायला मिळतो तो रजको पिल्लांना चालतो, मोठ्यांना रोज नको. कोथिंबीर, पुदिना थोडा द्यावा. हळदकुंकू न लागलेल्या, धुतलेल्या दूर्वा तो आनंदाने खातो. ब्रेड, बिस्किट, चॉकलेट, कांदा, लसूण अजिबात नको. गाजर म्हणजे त्याची मिठाई, अगदी लहान तुकडा.

• ससा स्वतःची मऊ लेंडी खातो. किळस करू नका, तो त्याच्या पचनाचाच भाग आहे.

• कान धरून कधी उचलू नका. एक हात छातीखाली, एक मागच्या पायांखाली. घाबरून त्याने लाथ झाडली तर त्याचाच कणा मोडू शकतो.

• 30 अंशांच्या वर गेलं की त्याला ऊन बाधतं, आणि आपला वैशाख तर चाळिशी ओलांडतो. गच्ची-गॅलरीत पिंजरा नको. गार फरशी, पाण्याचं भांडं, आणि बर्फ केलेली बाटली कापडात गुंडाळून जवळ ठेवा. आंघोळ घालू नका.

• घरातली औषधं देऊ नका. काही अँटिबायोटिक्स तोंडावाटे दिली तर सशाच्या जिवावर बेततात. सशांची माहिती असलेल्या डॉक्टरांकडेच न्या.

काही जण विचारतात, "माणसं उपाशी असताना सशाची काय सेवा?" प्रश्न रास्त आहे. पण नाथांच्या काळीही माणसं उपाशी होती, आणि नाथांच्या दारातून तीही तृप्त होऊन जात. ज्या हाताला द्यायची सवय लागते तो हात पुढे कोण आहे हे बघत बसत नाही. मात्र प्रपंच सोडून ही सेवा करू नये. घरात तान्हं बाळ असेल, आजारी वडीलधारं माणूस असेल, तर ससा घरी आणू नका. जुनी वर्तमानपत्रं, टॉवेल, प्लास्टिकचे क्रेट द्या. डॉक्टरांकडे न्यायला स्कूटर-गाडी द्या. पैसे द्यायचे तर बिल थेट डॉक्टरांकडे भरा, म्हणजे मनात किंतू राहत नाही. ज्यांच्याकडे रिकामी खोली आणि थोडा वेळ आहे त्यांनी दोन-तीन आठवड्यांसाठी एखादा ससा घरी ठेवावा.

आणखी एक. ससा कुत्र्यासारखा शेपटी हलवून आभार मानत नाही. बहुतेक सशांना उचललेलंही आवडत नाही. आपण जमिनीवर बसायचं, हात पुढे करायचा नाही, वाट पाहायची. कधी चार दिवसांनी, कधी महिन्याने तो आपणहून येतो आणि आपल्या पायाला नाक लावतो. कधी येतही नाही. तरी गवत रोज घालायचंच. फळाची आशा न ठेवता कर्म कसं करावं हे आपण पारायणात वाचतो, पण वाचणं आणि करणं यातलं अंतर या कोपऱ्यात कळतं. अवधूताने यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगितले. त्यांत कबुतर आहे, हरीण आहे, कोळी आहे. ससा त्या यादीत नाही. तरी आम्हाला त्याने पुष्कळ शिकवलं.

या वैशाखात आपल्या सर्व केंद्रांनी एक छोटा संकल्प करावा. आपल्या कुटुंबगटातल्या कुणाच्या घरी ससा असेल आणि सांभाळणं जड जात असेल, तर त्यांना न रागावता विचारा, ऐकून घ्या, आणि बागेत सोडण्याआधी गटावर कळवायला सांगा. आपण मिळून मार्ग काढू. मुलांसाठी कुणी ससा आणायचं म्हणत असेल तर आधी दुकानाकडे नको, सोडलेल्यांपैकी एखाद्याला घर द्यायला सांगा, आणि आठ-दहा वर्षांचा हिशेबही सांगा.

हाक मारणाऱ्याला सगळेच धावून जातात. जो हाकच मारत नाही त्याच्यापर्यंत आपल्याला पोहोचता यावं, एवढीच सद्गुरूंच्या चरणी प्रार्थना.

अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त! 🙏